एका वहीच्या तीन लिप्या

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका गावातून आमच्याकडे एक वही आली. आमच्याच एका विद्यार्थ्याने ती कापडी पिशवीत गुंडाळून आणली होती. वही त्याच्या पणजोबांची. शिवण उसवलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली शाई अजून ठसठशीत. पुढून उघडली की मोडीत धान्याचा आणि उसनवारीचा हिशेब दिसे. मागून उघडली की उजवीकडून डावीकडे जाणारा दाट उर्दू मजकूर. उर्दूच्या दृष्टीने तीच पुढची बाजू होती, हे ध्यानात यायलाही आम्हाला थोडा वेळ लागला. समासात मात्र बाळबोधीत अभंगांचे चरण आणि काही टिपणे होती. "सर, यात काय लिहिलंय?" असे त्याने विचारले. आम्ही तिघे तिथे बसलो होतो; तिघेही मराठीचे एम.ए., तिघेही 'मराठवाड्यातील साहित्य' हा पेपर शिकवणारे. आम्हाला समास तेवढा वाचता आला.

प्रादेशिक अभ्यासासाठी एक बहुभाषिक डिजिटल ग्रंथालय उभारावे, ही कल्पना त्या दुपारच्या ओशाळलेपणातून निघाली. ग्रंथालयशास्त्राचे आम्हाला ज्ञान नव्हते आणि संगणकाचे जुजबी होते. आपण ज्या प्रदेशाचे साहित्य शिकवतो त्या प्रदेशाचे निम्म्याहून अधिक कागद आपल्याला वाचता येत नाहीत, ही जाणीव एवढेच आमचे भांडवल होते. त्या कामात आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, हे आता लिहून ठेवावेसे वाटते.

मराठवाड्याची भाषिक घडण महाराष्ट्राच्या इतर भागांहून वेगळी आहे, हे वाक्य आमच्या विषयाच्या प्रत्येक प्रस्तावनेत असते. त्याचा अर्थ मात्र आम्ही कधी नीट उलगडला नव्हता. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे एका राज्यव्यवस्थेखाली पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारभारातील फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. त्यामुळे घरी मराठी, हिशेबाला मोडी, कचेरीत आणि शाळेत उर्दू, देवघरात बाळबोध पोथी, अशी वाटणी येथील लिहित्या माणसाच्या हाताला अंगवळणी पडलेली होती. विद्यार्थ्याचे पणजोबा काही अपवाद नव्हते. त्यांची वही म्हणजे त्या काळच्या सुशिक्षित माणसाच्या मनाचा साधा नकाशा होता.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, हे आज तेथील विद्यार्थ्यांनाही सांगावे लागते. लोकांच्या भाषिक आकांक्षा त्या रचनेने पुऱ्या केल्या. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण अभ्यासाच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. कागद हैदराबादेत राहिले, माणसे तीन राज्यांत विभागली गेली आणि विद्यापीठांतील विभाग भाषेच्या नावाने उभे राहिले. वली आणि सिराज हे दोघेही औरंगाबादचे कवी. ते उर्दू विभागाच्या वाट्याला गेले. कपिलधारचे मन्मथस्वामी आमच्याकडे आले, पण त्यांच्या वीरशैव परंपरेचा कन्नड उगम मात्र सीमेपलीकडच्या अभ्यासकांकडे राहिला. नरसीच्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती गुरुमुखीतून वाचणारा मराठीचा प्राध्यापक विरळाच. सोळाव्या शतकात पैठणला बसून एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. आम्ही तो दरवर्षी शिकवतो आणि शेजारच्या उर्दू विभागाचे दार मात्र कधी ठोठावत नाही.

हे अक्षरशः खरे होते. आमच्या शहरातल्या उर्दूच्या एका प्राध्यापकांशी दहा वर्षांत आमची भेट फक्त परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या वेळी होत असे. ग्रंथालयाच्या निमित्ताने आम्ही प्रथमच त्यांच्या घरी गेलो. मग बीदरकडचे कन्नडचे एक अध्यापक आले, निजामाबादकडच्या तेलुगूच्या एक बाई आल्या. पहिली बैठक उत्साहात सुरू झाली आणि दुसऱ्याच तासाला भांडणावर आली. प्रश्न साधा होता : पुस्तकाचे नाव कोणत्या लिपीत लिहायचे?

प्रत्येकाला आपली लिपी हवी होती. कोणीतरी सुचवले की सगळे इंग्रजीत करू, म्हणजे कुणाचाच रुसवा नको. तो तोडगा सर्वांना सोयीचा होता आणि आम्हा सर्वांनाच खटकला. चार सख्ख्या शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी पाचव्याला मधे बसवावे, तसे ते होते. शेवटी ठरले ते असे : नाव मूळ लिपीत, त्याखाली देवनागरी लिप्यंतर, त्याखाली रोमन लिप्यंतर, तेही मनाला येईल तसे नव्हे, तर २००१ साली निश्चित झालेल्या आयएसओ १५९१९ या प्रमाण पद्धतीने, आणि ग्रंथाचे वर्णन मात्र ज्याने ग्रंथ वाचला त्याच्या भाषेत. या शेवटच्या नियमाचे महत्त्व आम्हाला फार उशिरा कळले.

नोंदींसाठी आम्ही डब्लिन कोअर ही पद्धत घेतली. नाव, कर्ता, विषय, काळ, भाषा अशी पंधरा घरे तीत असतात. पंधरा घरे भरायला असा किती वेळ लागणार, असे आम्हाला वाटले होते. पहिल्याच आठवड्यात 'काळ' या घराने आमची फजिती केली. शेतसाऱ्याच्या एका पावतीवर १३१८ असा आकडा होता. मदतीला आलेल्या मुलाने तो जसाच्या तसा उतरवून घेतला आणि आमच्या यादीत ती पावती देवगिरीचे राज्य बुडाले त्या सुमारास जाऊन बसली. तो आकडा फसली सनाचा होता. हैदराबादच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे पावती १९०८-०९ ची. उत्तर हिंदुस्थानातील फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. मोडी कागदांवर सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, शक असेल तर ७८ किंवा ७९, आणि हिजरी असेल तर नुसत्या बेरजेने भागत नाही, कारण ते वर्ष चांद्र असते. एकाच कपाटातले चार कागद चार वेगवेगळ्या काळगणनांत जगत होते. आम्ही 'काळ' या घराचे दोन भाग केले : कागदावर जो आहे तो, आणि आम्ही काढला तो. दुसरा चुकला तरी पहिला शाबूत राहावा, एवढाच हेतू.

स्थळांच्या नावांनी याहून मोठा पेच टाकला. १६१० साली मलिक अंबरने वसवलेली खडकी काही काळ फतेहनगर झाली, १६५३ मध्ये औरंगाबाद झाली आणि २०२३ मध्ये शासकीय दप्तरी छत्रपती संभाजीनगर झाली. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले. अंबाजोगाईचे निजामी कागदांतले नाव मोमिनाबाद. नावांवरून चौकाचौकांत घोषणा दिल्या जात होत्या, त्या दिवसांत आम्ही एका खोलीत बसून कोणते नाव 'मुख्य' मानायचे याचा खल करीत होतो. बाहेरचा ताण आत आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एक सहकारी दोन बैठकांना आले नाहीत. अखेर आम्ही कागदालाच पंच नेमले. कागदावर जे नाव आहे ते प्रथम. त्याशेजारी त्या स्थळाची सर्व ज्ञात नावे, प्रत्येक नावापुढे ते कधीपासून प्रचारात आहे ते वर्ष. कोणत्याही नावाने शोधले तरी सर्व कागद सापडावेत. त्या रजा घेतलेल्या सहकाऱ्यांनी पुढे स्वतः बसून ही स्थळनामांची यादी पुरी केली. एवढे समाधान आम्हाला आजही पुरते.

यंत्राच्या बाबतीत आम्ही भाबडे होतो. स्कॅनर आणला की काम संपले, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात चित्र आणि मजकूर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पानाचे चित्र माणूस वाचतो. त्यातले अक्षर संगणकाला ओळखता आले तरच ते शोधता येते. छापील देवनागरीचे पुष्कळसे जमते. नस्तालिक लिपीतली अक्षरे मात्र एकमेकांच्या खांद्यावर उतरत जातात, त्यामुळे तेथे यंत्र अडखळते. आणि कचेरीतल्या शिकस्ता वळणापुढे तर बहुतेक माणसेही अडखळतात. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. पण अक्षराला क्रमांक मिळणे आणि हातमोडी वाचता येणे या निराळ्या गोष्टी आहेत.

देवनागरीचीही आमची घमेंड उतरली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून तेच टंकीत असत. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी वाटतात. अरबी काफ आणि उर्दू काफ यांचेही तसेच. दिसायला एक, क्रमांक दोन. आणि त्यामुळे असलेले पुस्तक नाही म्हणून सांगितले जाते. सर्वांत दुःखद अनुभव आमच्याच पिढीच्या कागदांचा. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात टंकून ठेवलेली लोकगीतांची संहिता त्यांच्या घरच्यांनी आम्हाला दिली. ती त्या काळच्या एका फाँटमध्ये होती. उघडली तेव्हा पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटली. रूपांतर करून बरीचशी परत मिळवली, पण जोडाक्षरे जागोजागी गळाली होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद तयार होत आला. तशा हातकागदावरचा जुना मजकूर आम्हाला दिसत होता आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा हरवला होता. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन गावांत ठेवण्याचा नियम आम्ही पाळतो.

कायद्याचाही अभ्यास करावा लागला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली झाली. पण तालुक्याच्या गावी निघून बंद पडलेल्या नियतकालिकांचे काय? संपादक गेले, वारस ठाऊक नाहीत, अंक रद्दीत चालले आहेत. अशा अंकांची आम्ही पूर्ण नोंद खुली ठेवली आणि चित्रे बंद. हा पेच आमच्याने सुटलेला नाही.

आता त्या वहीकडे परत येतो. वहीतला उर्दू मजकूर वाचण्यासाठी उर्दूच्या प्राध्यापकांनी आम्हाला एका वृद्ध गृहस्थांकडे नेले. ऐंशीच्या घरातले निवृत्त शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांचे शालेय शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेले. आम्ही त्यांना गुरुजी म्हणू लागलो. गुरुजींनी आपले स्वतःचे वारीचे टिपणवहीतले मुक्काम उर्दूत लिहिलेले आम्हाला दाखवले आणि आमचे चेहरे पाहून ते मिस्कील हसले. "आम्हाला जी शिकवली ती लिपी. तिला कुठली जात आणि कुठला धर्म?" उर्दू मुसलमानांची आणि मराठी हिंदूंची, हे समीकरण आम्ही वर्गात मोडून काढत असू, पण ते आमच्या मनातूनही पुरते गेले नव्हते, हे त्या दिवशी कळले.

गुरुजी वाचत गेले आणि आम्ही मराठीत उतरवत गेलो. वहीत पावसापाण्याच्या, लग्नकार्यांच्या नोंदी होत्या. मग १९४८ चा उन्हाळा आला. रझाकारांनी शेजारच्या गावात लावलेली आग, रात्री शेतात काढलेली कुटुंबे, हरवलेला एक चुलतभाऊ. वाक्ये कोरडी होती, जणू धान्याचाच हिशेब. गुरुजी एका ओळीवर थांबले, चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी उर्दूच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या नात्यातल्या एका घरातले पत्र आणले. त्याच परिसरातले, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरचे. पत्र लिहिणारी बाई आपल्या भावाला कळवत होती की घरातले कोण राहिले, कोण राहिले नाही, आणि आता या गावात परतायचे नाही. त्या दिवसांत काय घडले याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला, हे आम्ही वाचले होते. पण अहवाल वाचणे वेगळे आणि समोर बसलेल्या मित्राने आपल्या घरचे पत्र टेबलावर ठेवणे वेगळे. तेही गुरुजींनीच वाचले. त्याच आवाजात वाचले.

हे दोन कागद ग्रंथालयात ठेवायचे का? आमच्यातले एकमत तेथे संपले. एका बाजूचे म्हणणे असे की या जखमा उघड्या करून कुणाच्या तरी हातात कोलीत देऊ नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की एकच ठेवला तर ते असत्य ठरेल, आणि दोन्ही दडवले तर ती भित्री माणसांची सोय ठरेल. आम्ही दोन्ही घरी गेलो. वहीच्या घरच्यांनी गावाचे नाव गाळण्याची अट घातली. पत्राच्या घरच्यांनी नोंद चालेल म्हटले, पण पत्राचे चित्र त्या घरातली थोरली आजी असेतो नको म्हणून सांगितले. आम्ही दोन्ही अटी लिहून घेतल्या. आज आमच्या यादीत कालानुक्रमाने शोधले तर त्या दोन नोंदी एकाखाली एक येतात. मधे कुठलेही भाष्य नाही. विद्यार्थी त्या लागोपाठ वाचतात आणि बहुधा काही वेळ काही बोलत नाहीत. प्रादेशिक अभ्यास म्हणजे काय, याचे आमच्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

आमची मोठी चूक मात्र यानंतरची. गुरुजी वाचत होते तोवर आम्ही त्यांच्यापुढे कागद ठेवत राहिलो. लवकर स्कॅन करा, कागद जुने आहेत, फाटतील, ही आमची घाई. गुरुजीही जुनेच होते, हे आम्ही विसरलो. त्यांच्यापाशी बसून शिकस्ता वळण शिकून घ्यावे, त्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करावे, हे सुचायला आम्हाला चार वर्षे लागली. आणि सुचले त्या हिवाळ्यात ते गेले. वहीची शेवटची पाने तशीच राहिली. उत्तम दर्जाची चित्रे आमच्यापाशी आहेत. ती कितीही मोठी करून पाहता येतात, फक्त वाचता येत नाहीत.

निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा कितीतरी भाषांत सहज वावरत. गोंडी आणि कोलामीवरही त्यांनी लिहिले. आम्ही त्यांचा उल्लेख नेहमी एखाद्या चमत्कारासारखा करतो. चमत्कार म्हटले की अनुकरणाची जबाबदारी टळते. प्रत्यक्षात या प्रदेशात असे अनेक हात होते. फार थोडे प्रसिद्धीस आले, बाकीचे गुरुजींसारखे गावोगाव निवृत्तिवेतन घेत राहिले आणि आपल्याबरोबर एकेक लिपी घेऊन गेले. सहकार्याने चालणारे ग्रंथालय म्हणजे संगणकांची जोडणी, असे आम्ही समजत होतो. ती वाचणाऱ्यांची जोडणी आहे. कागद आम्ही उशिरा वाचवले, वाचणारे त्याहून उशिरा आठवले.

त्या पंधरा घरांत आम्ही नंतर एका सोळाव्या घराची भर घातली : 'वाचन कोणी केले'. वहीच्या नोंदीत तेथे गुरुजींचे नाव आहे आणि त्यापुढे 'शेवटची अकरा पाने अवाचित' असे लिहिले आहे. दर रविवारी सकाळी उर्दूच्या प्राध्यापकांच्या घरी आमचा वर्ग भरतो. ते आम्हाला उर्दू शिकवतात, आम्ही त्यांना मोडी. दोघांचीही प्रगती बेताची आहे. वही आणणारा विद्यार्थी आता शिक्षक झाला आहे. तोही येतो. मागच्या महिन्यात त्या अकरा पानांतील पहिल्या पानावरच्या दोन ओळी त्याला लागल्या. त्या वर्षी ज्वारी बरी आली होती.